चपलांजवळची जागा

सर सभेला आले की आधी चपला कुठं काढल्यात ते बघायचे. खोली केवढीही असो, सतरंजी पार भिंतीपर्यंत अंथरलेली असो, पुढं खुर्च्या मांडलेल्या असोत. ते दाराशी, चपलांच्या ढिगाला चिकटून मांडी घालायचे. यजमानांची धांदल उडायची. ‘‘सर, इकडं पुढं या, तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय.’’ सर हात जोडायचे. ‘‘राहू द्या. इथनं बराबर दिसतं.’’ मग नाइलाजानं सगळे त्यांच्याकडं तोंड करून गोलात बसायचे आणि सरांचा पहिला नियम यायचा : ‘‘चपलांजवळचा माणूस आधी बोलंल.’’

ऐकायला एवढंसं वाक्य, पण त्यानं भल्याभल्यांचे चेहरे उतरलेले मी पाहिलेत. आपल्याकडं सभेत कोणी कुठं बसायचं हे कुठं लिहिलेलं नसतं आणि कुणी चुकतही नाही. अध्यक्ष खुर्चीवर, सचिव त्यांच्या कानाशी, शिकलेले पुढं, बायका भिंतीला. स्वयंपाकीण, शिपाई, आयत्या वेळी ‘तुम्ही पण बसा की’ म्हणून बोलावलेली माणसं चपलांजवळ. ठराव पुढून निघतो आणि मागं पोचेपर्यंत मंजूर झालेला असतो. सर तो उलट्या बाजूनं फिरवायचे. जालना जिल्ह्यातल्या संस्थांमध्ये त्यांना ‘चपलावाले सर’ म्हणत. काही जण प्रेमानं म्हणत, काही जण दात खाऊन.

संस्थांच्या विश्वस्तांना आणि कार्यकर्त्यांना शिकवणं हे त्यांचं काम. सभा कशी चालवायची, भांडण न करता विरोध कसा करायचा, माणसासमोर बसून देणगी कशी मागायची. नव्वदीच्या दशकात या कामाला ‘क्षमताबांधणी’ असं भारदस्त नाव होतं. सर ते कधी उच्चारत नसत. तुम्ही नेमकं काय शिकवता, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘‘मागायला शिकवतो. आन् मागून झाल्यावर गप बसायला.’’

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मागणं या शब्दाचा मला तिटकारा होता. माझे वडील जालन्याच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका मालकासाठी, पत्रकं चळवळीसाठी. शाई फुटलेली, तिरपी छापलेली पत्रकं घरी यायची. आमच्या डब्यांखाली तीच, वह्यांना कव्हर त्यांचंच. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. हजार माणसांसमोर उभं राहून मी घोषणा देऊ शकत होते, अधिकाऱ्याच्या टेबलावर मूठ आपटू शकत होते. पण एका माणसासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून ‘आम्हाला हे द्या’ म्हणायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. याला मी तत्त्व म्हणत असे.

भोकरदनला आमच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं, मी तिथली अधीक्षिका. ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांच्या मुली तिथं राहून शाळेत जायच्या. वसतिगृह चालायचं कापसाच्या एका जुन्या गोदामात. गोदाम होतं संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांचं. त्यांची कापसाची मोठी जिनिंग मिल होती आणि संस्थेचं नाव चालावं म्हणून गुरुजींनी त्यांना अध्यक्ष केलं होतं. गुरुजी म्हणजे आमचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक. गोदाम तोंडी शब्दावर मिळालेलं. कागद नव्हता. त्यात त्या वर्षी परदेशातून येणारी मदत मार्चमध्ये बंद होणार होती, आणि भाऊसाहेबांना गोदाम परत हवंय अशी कुजबुज बाजारात सुरू झाली होती. दोन्ही खरं ठरलं असतं तर मुली दप्तरं टाकून सरळ उसाच्या फडावर गेल्या असत्या. एकदा फडावर गेलेली पोर परत शाळेत आलेली मी पाहिली नव्हती.

मदत देणाऱ्यांनी जाता जाता एक उपकार केला. तुमच्या मंडळाला गावातून मदत उभी करायला शिकवू, असं पत्र पाठवलं आणि सरांना धाडलं. मी मंडळाच्या सभेत म्हणाले, ‘‘ताट काढून घ्यायचं आन् घास कसा घ्यायचा ते शिकवायला माणूस पाठवायचा!’’ गुरुजी म्हणाले, ‘‘पोरी, माणूस येऊ दे तरी.’’

माणूस आला तो एसटीतून, पिशवीत एक सदरा आणि खडूचा डबा घेऊन. पन्नाशीचा, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गोदामात शिरला आणि चपलांजवळ बसला.

पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला गप्प बसायला शिकवलं. जोड्या पाडल्या. एकानं मागायचं आणि मागून झालं की तोंड मिटायचं, दुसरा बोलेपर्यंत उघडायचं नाही. दुसऱ्यानं मुद्दाम वेळ लावायचा. सोपं वाटतं. गुरुजींनी चाळीस वर्षं वर्ग गप्प बसवले होते, पण ते स्वतः चार क्षणांच्या पुढं टिकले नाहीत. ‘‘म्हणजे, तुमची अडचण असंल तर राहू द्या,’’ असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

‘‘गुरुजी,’’ सर म्हणाले, ‘‘समोरच्यानं अजून तोंड उघडलं न्हाई. मंग न्हाई कोण म्हणलं?’’

‘‘मीच म्हणलो की.’’

‘‘हे असं होतं. त्याचं न्हाई आपणच म्हणून टाकतो आन् त्याला मोकळं करतो.’’

माझी पाळी आली तेव्हा कळलं, ती शांतता केवढी भयंकर असते. आपण काहीतरी उघडं टाकलंय आणि ते समोरच्याच्या हातात आहे. कानशिलं तापतात. काहीही बोलावं, पण बोलावं असं होतं. मी बोलले. चार वाक्यांत मी समोरच्या गयाबाईला शोषक ठरवलं. गयाबाई आमची स्वयंपाकीण, मंडळावर मजूर बायांची प्रतिनिधी. ती म्हणाली, ‘‘अगं माय, मी हो म्हणून राह्यली होती ना!’’

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, आता खराखुरा दाता समोर आहे असं धरून मागा. दाता कोण होणार? मी उठले. अध्यक्ष स्वतः कधी प्रशिक्षणाला येत नसतात, तेव्हा मैदान मोकळं होतं. गुरुजींचं उपरणं खांद्यावर टाकलं, खुर्ची ओढली, पोट पुढं काढलं आणि भाऊसाहेब झाले.

‘‘काय गुरुजी, आले का पुन्हा झोळी घेऊन? काहून शिकवता पोरींना? उद्या माझ्याच जिनिंगसमोर घोषणा देतील! दोन हार घाला, फोटो काढा आन् गोदाम मोकळं करा. मला कापसाच्या गठाणी ठेवायला जागा न्हाई, आन् तुम्ही पोरी ठेवून राह्यले!’’

गोदाम हसून हसून लोटपोट झालं. गयाबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, वडिलांच्या छापखान्यातली सगळी अक्षरं माझ्यातून बोलली.

सर हसले नाहीत. ‘‘कसं वाटलं? चपलांजवळचा आधी.’’

सरांच्या शेजारी, चपलांना लागूनच, पांढऱ्या मिशांचा एक वयस्कर माणूस सकाळपासून बसलेला होता. चहा दिला की घ्यायचा, बाकी भिंतीकडं बघायचा. आम्हाला वाटलं, सरांबरोबर आलेला असेल. सरांना वाटलं, मंडळाचा सदस्य असेल. त्या माणसानं टोपी सारखी केली.

‘‘मी काय बोलू साहेब? मी शकूर. भाऊसाहेबांची गाडी चालवतो. ते म्हणले, मला टाइम न्हाई, तू बसून ये आन् काय झालं ते सांग.’’

उपरणं अजून माझ्या खांद्यावर होतं. ते काढायला माझे हात उठेनात. पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज तेवढा येत होता. गयाबाई पुटपुटली, ‘‘आता गं बाई.’’

सरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण नियम त्यांनी सोडला नाही. ‘‘शकूरभाई, मंग तुमच्याइतकं कुणालाच कळणार न्हाई. नक्कल बराबर होती का?’’

शकूरभाईंनी खरोखर विचार केला. ‘‘आवाज बराबर. बोलणं बराबर न्हाई. साहेब इतकं बोलत न्हाईत.’’

सर माझ्याकडं वळले. ‘‘बाई, भाऊसाहेबांना भेटलात कधी?’’

‘‘न्हाई. सभेत पाहिलंय, दुरून.’’

‘‘मंग ही नक्कल कुणाची केली?’’

मी उपरणं काढलं आणि घडी करून गुरुजींना दिलं. आजही कुणी विचारलं तर नीट उत्तर देता येईल असं वाटत नाही. संध्याकाळी सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘चूक माझी. चपलांजवळचा बोलंल म्हणून सांगत फिरतो, आन् शेजारी कोण बसलंय हे मीच विचारलं न्हाई.’’ शिकवायला आलेल्या माणसानं स्वतःची चूक अशी गोलाच्या मधोमध आणून ठेवलेली मी तोवर पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. भाऊसाहेबांनी मळ्यात बोलावलंय, नक्कल करणाऱ्या पोरीला घेऊन या. निरोपात बाकी काही नव्हतं. राग असता तर मला पेलला असता. रागाला द्यायला माझ्याकडं शब्द होते. पण त्या कोऱ्या निरोपाला द्यायला काही नव्हतं. गयाबाईनं मुलींच्या पत्र्याच्या पेट्या एकेक करून दाराकडं सरकवल्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, ‘‘उचलायला सोपं पडंल.’’ मुली शाळेतून आल्या, पेट्या पाहिल्या, आणि एकीनंही काही विचारलं नाही. घरं उठताना पाहिलेली लेकरं विचारत नाहीत. त्या दिवशी त्यांनी भाकरी गुपचूप खाल्ली आणि ताटं नेहमीपेक्षा स्वच्छ घासली, जणू ताटं घासल्यानं जागा राहणार होती. मी हे केलं होतं. एका हशासाठी.

सर जालन्याला परत जाणार होते, ते थांबले. मी भाऊसाहेबांसमोर काय बोलायचं ते चार पानं लिहून काढलं. सरांनी वाचलं. ‘‘चांगलं आहे. ह्यात मागणं कुठंय?’’

मी शोधलं. मालकवर्ग होता, इतिहास होता, इशारा होता. मागणं नव्हतं.

‘‘मागणं एका श्वासात मावलं पाहिजे,’’ सर म्हणाले. ‘‘दुसरा श्वास घ्यायला लागला की समजायचं, आपण घाबरून राह्यलो.’’ दिवसभर त्यांनी मला छाटायला लावलं. चार पानांचं एक झालं, पानाच्या पाच ओळी. शेवटी एवढंच उरलं : ‘गोदामाची जागा दहा वर्षांसाठी वसतिगृहाला लिहून द्या.’ ते वाचून मला वस्त्र फेडल्यासारखं वाटलं. सगळा आडोसा गेला होता.

हसनाबादच्या रस्त्याला जीपमधून उतरलो, तिथून मळ्यापर्यंत पायवाट. गुरुजी पुढं, मी आणि सर मागं. वाटेत एक हापसा लागला. सर म्हणाले, जरा थांबा. त्यांनी तोंड धुतलं, हात धुतले, परत धुतले. मग वाकून झुडपामागं गेले आणि त्यांना उलटी झाली. परत येऊन त्यांनी चूळ भरली.

‘‘सर, बरं वाटत न्हाई का?’’

‘‘भीती वाटती. मागायला जायचं म्हणलं की होतं असं.’’

मी बघतच राहिले. हा माणूस भीती घालवायला शिकवतो अशी माझी समजूत होती. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःबद्दल सांगितलं. आधी ते आरोग्य खात्यात होते, गावोगाव लेकरांना लस टोचायचे. आईच्या कडेवरचं हसतं लेकरू मागायचं आणि त्याला रडवायचं. ‘‘त्यात आमचं घर गावकुसाबाहेरचं, हे गावाला आधीच ठाऊक. बाहेर वट्ट्यावर, चपला असतात तिथं बसवायचे. मंग मी तिथूनच बघायला शिकलो. आत कोण खरं बोलतं, कोण खोटं, तिथून लई चांगलं दिसतं.’’ थोडं चालून म्हणाले, ‘‘चौदा वरसं टोचलं. प्रत्येक दारात भीती वाटली. एक दिवस वाटली न्हाई. वाटलं, आता आपल्याला सगळं येतं. त्या दिवशी एका पोराला चुकीच्या जागी टोचलं. ते पोरगं अजून पाय ओढून चालतं. मंग मी नोकरी सोडली.’’

हापशापासून मळ्यापर्यंत माझी भीती कमी झाली नाही, पण तिची लाज वाटेनाशी झाली.

भाऊसाहेब ओसरीत बसले होते. समोर कापसाचे नमुने. बोटांत चिमूटभर कापूस धरायचे, हळूहळू ताणायचे, धागा तुटला की उजेडात धरून त्याची लांबी बघायचे. आम्हाला बसा म्हणाले. सर चपलांजवळ बसले, शकूरभाईंच्या शेजारी. भाऊसाहेबांनी वर न बघता विचारलं, ‘‘पोरगी कोणती?’’

‘‘मी.’’

‘‘करून दाखव.’’

मी सरांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. मी उभी राहिले आणि त्याच माणसासमोर त्याच्या तोंडी घातलेली वाक्यं म्हणाले. आवाज निघत नव्हता. उपरणं नव्हतं, हसणारं कुणी नव्हतं. ‘तुम्ही पोरी ठेवून राह्यले’ इथपर्यंत आले तेव्हा मला माझाच आवाज ओळखू येईना.

भाऊसाहेबांनी चिमूट ताणली. धागा तुटला. ‘‘हे मी कधी म्हणलो?’’

‘‘न्हाई म्हणलात.’’

‘‘मंग?’’

‘‘मला वाटलं, म्हणाल.’’

त्यांनी नवी चिमूट घेतली. ‘‘हार घेऊन येतात लोक. पत्रिका घेऊन येतात. तुला काय पाहिजे?’’

मी श्वास घेतला. ‘‘गोदामाची जागा दहा वर्षांसाठी वसतिगृहाला लिहून द्या.’’

आणि गप्प बसले.

ती शांतता मी अजून विसरले नाही. दूर मोटार चालू होती, पाटात पाणी पडत होतं. भाऊसाहेब कापूस ताणत होते. माझ्या तोंडात दहा वाक्यं येऊन धडकत होती. दहा नको, पाच द्या. लिहून नको, तोंडी चालेल. चुकलं माझं. तुमच्या जिनिंगमधल्या बायांना काय मजुरी देता ते सांगू का? दातांवर दात दाबून धरले. गुरुजींनी ओठ उघडले तसा सरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटत होतं, या घटकेला तिकडं पेट्या उचलल्या जातायत.

भाऊसाहेब उठले. ‘‘बघतो,’’ म्हणाले आणि आत गेले.

परतताना मी सरांवर तुटून पडले. हेच का तुमचं शिकवणं? बघतो म्हणजे नाहीच ना? सर म्हणाले, ‘‘विचारलंय. उत्तर यायचंय.’’

ते वाक्य पुढं महिनाभर मी त्यांच्याकडून ऐकलं. मंडळातल्या बाकीच्यांनी गावात मागायला सुरुवात केली, एकेकजण, एकेका श्वासात. कुणी ज्वारीचं पोतं दिलं, कुणी वर्षाचं तेल, कुणी दारच उघडलं नाही. पण जागेचं उत्तर येईना. पेट्या दाराशीच होत्या. रस्त्यावर जीप थांबली की मुलींचं पाठांतर थांबायचं. आणि एके दुपारी दोन माणसं फीत घेऊन आली. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू लागली. कशाला मोजता? साहेबांनी सांगितलं. पुढं काय करणार? ते साहेबांना माहीत. मुली भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, आणि फीत त्यांच्या पायांजवळून सरपटत गेली.

मी बसून पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जळजळीत पत्रक. ते घेऊन छापखान्यात निघाले आणि जालन्याच्या स्टँडवर सर भेटले. पत्रक वाचून त्यांनी घडी घातली.

‘‘हे वाचून भाऊसाहेब काय करतील?’’

‘‘जागा काढून घेतील.’’

‘‘आन् न वाचता?’’

‘‘तेच! मोजून गेलेत माणसं.’’

‘‘मोजून गेले हे बराबर. काढून घेणार हे कुणी सांगितलं?’’

मी पत्रक परत घ्यायला हात पुढं केला.

‘‘उत्तर आलं का?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मंग बस. भीती वाटत असंल तर भीत बस. पण त्याचं उत्तर तू लिहू नको.’’

मला त्यांचा संताप आला. ही सबुरी म्हणजे माझ्या वडिलांच्या सगळ्या खिळ्यांचा अपमान वाटला. तरी छापखान्याकडं न जाता मी परतीच्या गाडीत बसले. तत्त्वानं नाही. दाराशी ठेवलेल्या पेट्या डोळ्यांसमोर आल्या म्हणून.

आठवड्यानं शकूरभाई आले. हातात मुद्रांकाचा कागद. जागेची लांबी-रुंदी फुटाइंचात लिहिलेली, त्यासाठीच फीत आली होती. दहा नव्हे, पाच वर्षं. खाली भाऊसाहेबांची सही. शकूरभाई म्हणाले, ‘‘साहेबांनी एक निरोप दिला. म्हणले, आवाज बराबर होता.’’ गयाबाई पेटीवर बसून रडली. मुलींनी काही न विचारता पेट्या परत भिंतीला लावल्या.

मी मवाळ झाले, असं कुणी समजू नये. पुढल्याच हंगामात जिनिंगमधल्या बायांच्या मजुरीवर मी पत्रक काढलं, नाव घालून काढलं. ते घेऊन भीत भीतच सरांकडं गेले. त्यांनी दोनदा वाचलं. ‘‘हे बराबर. हे मागणं न्हाई, सांगणं आहे. दोन्हीला एका कागदावर आणलं की दोन्ही वाया जातं.’’ आणि ते पत्रक त्यांनी खडूच्या डब्यात जपून ठेवलं.

काही वर्षांनी सरांचा घसा गेला. आधी आवाज बसला, मग कुजबुज राहिली. एके सकाळी ते भोकरदनला आले. वसतिगृहाच्या दाराशी, मुलींच्या चपलांजवळ बसले. मी पाणी दिलं. त्यांना गिळायला त्रास होत होता. माझ्याकडं सरळ बघून, एका श्वासात त्यांनी विचारलं, ‘‘घनसावंगीचं शिबिर तू घेशील का?’’

आणि गप्प बसले.

जी त्यांच्याकडून मागितल्यानंतरचं गप्प बसणं शिकली, ती मी. आणि ज्याच्याकडं मागितलंय त्यानं काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या शांततेत मला ऐकू आलं की सर मरणार आहेत. ते ऐकू येऊ नये म्हणून मी बोलत सुटले. मला कुठं येतं तुमच्यासारखं. लोक ऐकणार नाहीत. इथं परीक्षा आहेत. तुम्ही बरे व्हाल, तुम्हीच घ्या. बोलत राहिले, बोलत राहिले. सरांनी सगळं ऐकलं. हो म्हणाले नाहीत, बरं म्हणाले नाहीत. उठले, मुलींच्या चपलांतून स्वतःच्या शोधल्या, पायांत घातल्या आणि स्टँडकडं चालू लागले. मी दारात उभी राहून त्यांच्या चष्म्याची दोरा बांधलेली काडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. हाक मारली नाही.

शिबिराच्या दिवशी मी घनसावंगीच्या गाडीत बसले ते कुणालाही न सांगता. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. गावात शिरल्यावर एक हापसा दिसला. मी हात धुतले, परत धुतले.

तिथल्या संस्थेच्या बाई दारातच उभ्या होत्या. आत सतरंजी टाकलेली, माणसं आलेली, पुढं एक रिकामी खुर्ची. त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही सरांनी विचारलेल्या बाई का?’’ माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि सरांचं पोस्टकार्ड काढून दिलं. भोकरदनहून परतल्यावर लिहिलेलं. अक्षर हललेलं.

‘मी येऊ शकत नाही. एका बाईंना विचारलं आहे. उत्तर यायचं आहे. सतरंजी टाकून ठेवा.’

‘‘हो,’’ मी म्हणाले. ‘‘मीच.’’ आणि चपलांजवळ बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे उत्तर घेऊन मी थेट जालन्याला सरांच्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशीच पाय अडखळले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. टायरच्या, रबरी, पॉलिश केलेल्या, अंगठा तुटलेल्या. एवढा मोठा ढीग मी त्यांच्या कुठल्याच सभेला पाहिला नव्हता. आतून कुणीतरी म्हणालं, ‘‘बाई, पुढं या, जागा आहे.’’

‘‘राहू द्या,’’ मी म्हणाले, आणि तिथंच बसले.